चित्र होईपर्यंत

प्रदर्शनात यांच्या चित्रासमोर थांबलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात, ‘हे काढायला किती वेळ लागला?’ हे कधी ‘महिनाभर’ म्हणतात, कधी नुसतेच हसतात. मी शेजारी उभी असते आणि मला या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावंसं वाटतं. चित्र होत असताना यांचं सगळं लक्ष कॅनव्हासवर असतं. घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर असतं.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते, मुख्यतः रसायनशास्त्र. आता निवृत्त झाले. हे चित्रकार. आयुष्यभर तैलरंगात निसर्गचित्रं केली, संध्याकाळी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. कोल्हापुरात यात विशेष काही नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, माधवराव बागल, चंद्रकांत मांडरे यांच्या गावात पेठेपेठेत एखादा तरी चित्रकार निघतो, आणि सकाळी सायकलच्या कॅरिअरला रंगपेटी बांधून ‘लँडस्केपला’ निघालेल्या माणसाकडे कुणी वळून पाहत नाही. आमचं घर जुन्या पद्धतीचं, मंगळवार पेठेतलं. माळ्यावरची उत्तरेच्या खिडकीची खोली यांची. उत्तरेकडून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड फारसा बदलत नाही आणि सकाळी लावलेला रंग दुपारी वेगळाच दिसत नाही. घर घेताना आम्ही आधी ती खिडकी पाहिली, मग स्वयंपाकघर.

त्या खोलीत काय चालतं याचं मला पहिल्यापासून कुतूहल होतं. शाळेत माझ्या दिवसाला तासांची घंटा होती. तास झाला की फळ्यावर समीकरण पूर्ण झालेलं असे. माळ्यावर मात्र एक माणूस सकाळभर बसून राही आणि जेवायला खाली येताना म्हणे, ‘आज बरंच काम झालं.’ मी वर जाऊन पाहिलं तर कॅनव्हास कालच्यासारखाच. फरक एवढाच, की डाव्या बाजूचं एक झाड खरवडलेलं.

हातात ब्रश असण्याचा वेळ फार थोडा असतो, हे मला सगळ्यांत आधी कळलं. बाकीचा वेळ बघण्यात जातो. खालून मला आवाजावरून समजतं. स्टूल सरकवल्याचा आवाज, चार पावलं मागे, मग शांतता, मग तीच पावलं पुढे. रंग लावायचा असेल तर पुढची पावलं झपझप पडतात. पुढे जाऊनही काहीच करायचं नाही असं ठरलं, तर ती मध्येच थांबतात. कधी हे चित्र उलटं करून ठेवतात, म्हणजे झाड आणि पाणी ही ओळख पुसली जाऊन नुसते आकार उरतात. कधी आरशात पाहतात, म्हणजे तोलातली चूक एकदम डोळ्यांवर येते. हे उपाय जुने आहेत, पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार वापरत आले आहेत. पण हे सगळं ‘काम’ आहे, हे घरच्या माणसालाही पटायला वेळ लागतो.

वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, मूळ गोव्याच्या कुटुंबातला, गिरगावच्या चाळीत वाढलेला आणि जे. जे.मधून १९४८ साली पदविका घेतलेला हा चित्रकार पुढे दिल्लीत निजामुद्दीनला राहायचा. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रं करायचा. रोलरनं रंग पसरायचा, नाईफनं काढून घ्यायचा, आणि त्याच्या कितीतरी पट वेळ नुसता बसून विचार करायचा. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा लोक त्या मोजक्या चित्रांपुढे उभे राहिले. ती मोजकी का होती, हे त्यांच्याजवळ बसलेल्याला कधीच कळलं असेल.

मी शिक्षिका असल्यामुळे मला पुस्तकात शोधायची सवय. नवं काही सुचतं कसं, यावर लिहिणारे बहुतेक लोक ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताच्या मांडणीपासून सुरुवात करतात. १९२६ साली त्यानं चार टप्पे सांगितले. आधी तयारी, मग विषय मनात मुरणं, मग एकदम लख्ख सुचणं, आणि शेवटी सुचलेलं तपासून पाहणं. यातले काही धागे त्यानं हर्मान हेल्महोल्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाकडून घेतले होते. सत्तराव्या वाढदिवसाच्या समारंभात, १८९१ साली, हेल्महोल्ट्‌झ म्हणाला होता, की मला चांगल्या कल्पना टेबलाशी बसून कधी सुचल्या नाहीत. उन्हाच्या दिवशी झाडीतल्या टेकड्या सावकाश चढताना सुचल्या. हेन्री प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. गणितातलं एक कोडं बाजूला ठेवून तो सहलीला गेला होता. कूतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या क्षणी उत्तर समोर उभं राहिलं.

ही गोष्ट लोक आवडीनं सांगतात, पण प्वांकारेनं तिच्यासोबत सांगितलेलं अर्धं सोडून देतात. तो म्हणतो, की आधी नेटानं, निष्फळ वाटावं असं काम झालेलं असेल तरच पायरीवरचा तो क्षण येतो. आणि आल्यावर पुन्हा बसून तो पक्का करावा लागतो. विषय बाजूला ठेवण्यानं खरंच काही होतं का, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी तपासलं आहे. २००९ साली अशा ११७ अभ्यासांचा एकत्र विचार करून सिओ आणि ऑर्मरॉड या दोघांनी दाखवलं, की मधल्या खंडाचा फायदा होतो. आधीची तयारी जास्त असेल तर फायदाही वाढतो, आणि काही प्रकारच्या कोड्यांत खंडाच्या वेळी डोक्याला फार ताण न देणारं काम जास्त उपयोगी पडतं.

आमच्याकडे ते काम म्हणजे मेथी निवडणं. चित्र अडलं की हे खाली येतात, परात पुढ्यात ओढतात आणि एकेक पान खुडत बसतात. त्या वेळी मी बोलत नाही. फोन वाजला तर मीच घेते. कळंब्याच्या तळ्यापर्यंत सायकलनं चक्कर मारणं हा दुसरा उपाय. परत आल्यावर चप्पल दारात काढून सरळ जिना चढले, तर काहीतरी सुटलेलं असतं. आधी पाणी मागितलं तर नाही.

तरीही वॉलसचे ते चार टप्पे मला पुरे वाटत नाहीत. ते गणितज्ञाला नीट बसतात, कारण त्याचं कोडं आधीच ठरलेलं असतं. चित्रकाराच्या घरात राहून मला दिसलं ते वेगळं आहे. इथे उत्तरापेक्षा कोडंच सापडायला वेळ लागतो.

पंचगंगेच्या घाटावर मी यांच्याबरोबर पुष्कळदा गेले आहे. रंगपेटी न उघडता हे घाटभर फिरतात. ब्रह्मपुरीच्या बाजूला जातात, परत येतात, पायऱ्या उतरतात, वाकून पाण्याच्या पातळीवरून बघतात. बोटांची चौकट करून एक डोळा मिटतात. नवखे विद्यार्थी आल्या आल्या इझल उभं करतात आणि समोर दिसेल ते काढायला लागतात. दहा वाजेपर्यंत त्यांची चित्रं होतात, छान होतात. यांचं तेव्हा कुठे पहिलं रेखाटन झालेलं असतं, आणि त्यात देवळाची शिखरंसुद्धा नसतात. मी एकदा विचारलं, ‘अहो, इथे येऊन देऊळच सोडलंत?’ तर म्हणाले, ‘अगं, देऊळ सगळ्यांना दिसतं. मला अजून कळलं नाही मला काय दिसतंय.’

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगाबद्दल वाचताना मला हेच आठवलं. जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या दोन संशोधकांनी एका टेबलावर २७ वस्तू ठेवल्या. विद्यार्थ्यांना सांगितलं, यातल्या हव्या त्या घ्या, दुसऱ्या टेबलावर हव्या तशा मांडा आणि चित्र काढा. काही जणांनी दोन-चार वस्तू उचलल्या, चटकन मांडल्या आणि बसले. काहींनी खूप वस्तू हाताळल्या, उलटसुलट करून पाहिल्या, मांडणी मोडली, आणि चित्र सुरू झाल्यावरही त्याची रचना बदलत राहिले. काय काढतोय हे त्यांचं फार उशिरा ठरलं. मग ती चित्रं जाणकारांना दाखवली, कुणी कशी काढली हे न सांगता. उशिरा ठरवणाऱ्यांची चित्रं त्यांना जास्त स्वतंत्र वाटली. काही वर्षांनी पाहिलं, तर कलाक्षेत्रात टिकून नाव मिळवणाऱ्यांतही हीच मंडळी अधिक होती. १९७६ साली त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं.

मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण तो चित्रकाराला ‘तुमच्या मनात काय चाललं होतं?’ असं विचारत नाही. हातांकडे पाहतो. मन सांगता येत नाही. सांगितलं तरी चित्र झाल्यावर मागे वळून सांगितलेलं असतं, आणि तोवर सगळं सरळ वाटायला लागतं. यांनाही विचारलं तर ‘पहिल्यापासून मला पाणीच काढायचं होतं’ असं मनापासून सांगतील. पहिल्या दिवशी त्या कॅनव्हासवर पाणी नव्हतं, हे मी पाहिलेलं असतं.

प्रभाकर बरवे यांच्यासारखा एखादा चित्रकार याला अपवाद. रायगड जिल्ह्यातल्या नागावात १९३६ साली जन्मलेल्या बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिलं आणि वर्षानुवर्षं डायऱ्या ठेवल्या. रेखाटनांच्या शेजारी टिपणं, टिपणांच्या शेजारी शंका. चित्र होण्याआधीच्या वेळेची नोंद चित्रकारानं स्वतः ठेवली असेल, तर तिला तोड नाही. पण बहुतेक जण ठेवत नाहीत. यांच्या कपाटात रंगांच्या दुकानाची बिलं नीट लावलेली आहेत, डायरी एकही नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. तैलरंग वाळतो म्हणजे काय होतं, हे चित्रं पाहणाऱ्यांना सहसा माहीत नसतं, आणि यांच्या विचार करण्याच्या पद्धतीचं अर्धं कारण मला तिथे सापडलं आहे.

कपडे वाळतात ते पाणी उडून जातं म्हणून. जलरंग आणि ॲक्रिलिकही पाणी उडून वाळतात. तैलरंगाचं तसं नाही. त्यात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते, आणि हे तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं. तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या ऑक्सिजनच्या मदतीनं एकमेकींना जोडल्या जातात, त्यांचं जाळं तयार होतं, आणि द्रवाचा हळूहळू घट्ट पापुद्रा होतो. म्हणून वाळताना तैलरंगाचं वजन सुरुवातीला कमी होण्याऐवजी वाढतं. दहावीच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नसे. सोबत टर्पेंटाइन मिसळलं असेल तर तेवढं उडून जातं. तेल राहतं आणि बदलतं.

या क्रियेचा वेग रंगागणिक वेगळा. रॉ अंबरमध्ये मँगनीज असतं, ते ही क्रिया जोरात करतं, म्हणून तो तपकिरी रंग लवकर सुकतो. आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थराला महिने लागतात, आणि आतून पूर्ण कडक व्हायला कित्येक वर्षं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे ठेवायचे आणि वर जाताना तेल वाढवायचं, असा नियम आहे. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस उघडत नाही तेव्हा, सगळंच मंदावतं. खोलीत दिवसचे दिवस तेलाचा वास असतो आणि बोट लावलं तर ठसा उमटतो.

या संथपणामुळे चित्रकाराला मन बदलता येतं. काल लावलेला रंग आज नाईफनं खरवडून काढता येतो. परवा तो अर्धवट धरलेला असतो, तेव्हा खरवडला तर सगळा निघत नाही, कॅनव्हासच्या विणीत थोडा राहतो, आणि तो राहिलेला अंश कधीकधी मूळ रंगापेक्षा सुंदर असतो. आठवडा गेला की खरवडणं संपलं, आता त्याच्यावर दुसरा थर द्यायचा. म्हणजे कुठला निर्णय कधीपर्यंत मागे घेता येईल, याचं वेळापत्रक रंगच ठरवतो. जलरंगात हे नाही. तिथे पांढरा म्हणजे कागद. एकदा झाकला की पहिल्यासारखा परत मिळत नाही. म्हणून जलरंगाचा चित्रकार ब्रश टेकवण्याआधी विचार करतो आणि तैलरंगाचा टेकवल्यानंतर. हे माझं निरीक्षण यांनाही पटलेलं आहे. हे जलरंगात काम करतात तेव्हा घरात वेगळेच वागतात. चिडचिडे होतात आणि लवकर झोपतात.

सुचणं डोक्यात होतं आणि हात फक्त ते उतरवून घेतो, अशी समजूत सगळीकडे आहे. गाण्याबद्दल, कवितेबद्दलही लोक असंच बोलतात. मला वाटतं, चित्रापुरतं तरी हे खरं नाही. रंग लावला जातो, तो काहीतरी भलतंच सांगतो, मग डोळा त्याला हो किंवा नाही म्हणतो. यांच्या खोलीत ‘नाही’चं प्रमाण फार मोठं आहे, आणि चित्र त्यातूनच पुढे सरकतं.

याचा सगळ्यांत मोठा पुरावा पिकासोच्या ‘गेर्निका’चा. स्पेनच्या सरकारनं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या आपल्या दालनासाठी त्याला मोठं चित्र करायला सांगितलं होतं. कित्येक महिने ते अडलं होतं. एप्रिलमध्ये त्यानं चित्रकार आणि त्याच्यासमोर बसलेली मॉडेल असा विषय घेऊन रेखाटनं केली. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका गावावर बॉम्ब पडले, आणि १ मे रोजी त्यानं नवी रेखाटनं सुरू केली. कॅनव्हास जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. त्या काळात त्याच्यासोबत असलेली छायाचित्रकार डोरा मार हिनं चित्राच्या एकेका अवस्थेचे फोटो काढून ठेवले. त्यांमुळे आज आपल्याला दिसतं, की सुरुवातीला जमिनीवर पडलेल्या सैनिकाची मूठ आभाळाकडे उगारलेली होती. मग त्या मुठीत धान्याची कणसं आली, मागे सूर्यासारखं तबक आलं. मग हातच गेला. तबक चपटं होत होत डोळ्यासारखं झालं आणि त्यात विजेचा दिवा आला. घोड्याचं खाली असलेलं डोकं वर उचललं गेलं, बैलाचं धड फिरवलं गेलं. रंगीत कागद चिकटवून पाहिले आणि काढून टाकले. उगारलेली मूठ ही किती सोपी, टाळी घेणारी गोष्ट होती! ती काढण्याचं धैर्य मला या चित्रातलं सर्वांत मोठं धैर्य वाटतं, आणि डोरा मार शेजारी नसती तर ती मूठ होती हेही आपल्याला कळलं नसतं.

पुढे फ्रान्स्वाज जिलो पिकासोबरोबर राहिली. ती स्वतः चित्रकार, १०१ वर्षं जगली आणि २०२३ साली गेली. १९६४ साली आलेल्या तिच्या आठवणींच्या पुस्तकावर पिकासोनं खटले भरले, ते तो हरला. त्या पुस्तकात तिच्या स्वतःच्या एका व्यक्तिचित्राची हकिगत आहे, जिच्यात ती फुलाच्या रूपात आहे. चेहरा कसा असावा हे पिकासोला ठरवता येईना. त्यानं कागदाचे लंबगोल तुकडे कापले, प्रत्येकावर डोळे-नाक-तोंडाच्या बारीक खुणा केल्या आणि ते टाचण्यांनी कॅनव्हासवर लावून इकडेतिकडे सरकवत बसला, एक पटेपर्यंत. एवढा मोठा चित्रकार, रेषेवर एवढा ताबा, आणि तरी कागदाचे कपटे सरकवून पाहतो. पिकासोवरच्या शेकडो पुस्तकांपेक्षा मला ही एक हकिगत जास्त शिकवून गेली. ती लिहू शकली कारण ती त्या खोलीत होती.

आपल्याकडे कलावंताशेजारच्या माणसानं लिहिण्याची परंपरा मोठी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहे, सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आहे. त्यांत माणूस समोर येतो, संसार समोर येतो, त्याची किंमत कुणी दिली ते येतं. ते यायलाच हवं. आमच्या घरात महिन्याचा पगार माझा होता आणि त्यावर घर चाललं, हे मी कधी लपवलं नाही आणि यांनीही नाही. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब आणि मुलाच्या शिकवणीची फी एकाच आठवड्यात आली, की कुठलं आधी हे मला ठरवावं लागे. पण त्या खर्चाच्या बदल्यात मी काय मिळवलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. मला एक चित्र होताना पाहायला मिळालं, अनेक वेळा.

यांना मदत कशी करायची हेही मी हळूहळू शिकले. ‘कसं वाटतंय?’ असं हे विचारतात तेव्हा त्यांना माझं मत नको असतं. ‘छान’ म्हटलं तर चेहरा पडतो, ‘नाही आवडलं’ म्हटलं तरी उपयोग नसतो. मी फक्त माझी नजर कुठे जाते ते सांगते. ‘आधी उजव्या कोपऱ्यातल्या पिवळ्यावर गेली, मग तिथेच अडकली.’ एवढं पुरतं. पुढे काय करायचं ते त्यांचं काम. कुणाच्या घरात लिहिणारं, गाणारं, चित्र काढणारं माणूस असेल तर त्यांना मी एवढं सुचवेन: निकाल देऊ नका, जे घडलं ते सांगा. कंटाळा आला तर कुठल्या ओळीला आला ते सांगा.

निवृत्त झाल्यावर मी आणखी एक गोष्ट सुरू केली. रोज संध्याकाळी हे खाली आले की मी वर जाऊन त्या दिवशीच्या कॅनव्हासचा मोबाइलवर फोटो काढते. यांना सुरुवातीला ते मुळीच रुचलं नाही. ओल्या चित्राकडे कुणी बघू नये असं त्यांना वाटतं. आता चालतं. त्या फोटोंतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. जी चित्रं शेवटी उत्तम झाली, ती जवळजवळ सगळी मध्ये कधीतरी पार बिघडलेली होती. आणि जी पहिल्या दिवसापासून नीटनेटकी राहिली, ती शेवटीही तेवढीच राहिली, नीटनेटकी. आंरी-जॉर्ज क्लूझोनं १९५६ साली पिकासोवर केलेल्या चित्रपटातही हे दिसतं. एक मोठं समुद्रकिनाऱ्याचं चित्र आपल्या डोळ्यांदेखत बदलत जातं, बिघडत जातं, आणि अखेर तो ते बाजूला ठेवून नवा कॅनव्हास घेतो.

घाटाच्या एका चित्राचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहते. पहिल्या फोटोत डावीकडे शिवाजी पुलाच्या दगडी कमानी, मध्ये पाण्यात अर्धी बुडालेली छोटी देवळं. दुसऱ्यात कमानी कमी झाल्या. तिसऱ्यात उजवीकडे पायरीवर लाल लुगड्यातली एक बाई कपडे आपटतेय, आणि पाण्यावर पावसाळी उजेड आहे. तो फोटो काढताना मला वाटलं, झालं चित्र. चौथ्या फोटोत बाई खरवडलेली, सगळीकडे मळका करडा रंग, पूल गायब. त्या संध्याकाळी हे जेवताना एक शब्द बोलले नाहीत. नंतर दिवसामागून दिवस त्या करड्यावर अगदी बारीक फरक होत गेले. शेवटच्या फोटोत पूल म्हणजे नुसती एक गडद पट्टी आहे, देवळं म्हणजे तीन उभे फटकारे, बाकी चित्रभर पाणी. उजवीकडे, बाई होती तिथे, कॅनव्हासच्या विणीत लालसर अंश राहिला आहे. जाणकार त्या लालसर जागेबद्दल फार चांगलं बोलले.

चित्र पूर्ण झालं की यांचं त्यातलं लक्ष उडतं. ज्यासाठी जेवण चुकवलं ते भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. चिक्सेंटमिहायनं शिकागोच्या त्या विद्यार्थ्यांमध्येही हे टिपलं होतं. चित्रात बुडालेली मुलं चित्र संपलं की त्याच्याकडे बघतही नसत, याचं त्याला नवल वाटलं, आणि माणूस कामात हरवतो म्हणजे काय होतं यावरचं त्याचं पुढचं सगळं संशोधन त्या नवलातून सुरू झालं. माझं मात्र उलट आहे. यांचं चित्र संपतं तिथून माझं बघणं सुरू होतं, म्हणून वादही तिथूनच होतात.

घाटाच्या चित्रावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं, बाई ठेवायला हवी होती; पायरीवर माणूस असलं की नदी किती मोठी आहे ते कळतं. यांचं म्हणणं, बाई आली की बघणारा तिची गोष्ट रचायला लागतो आणि पाण्याकडे बघायचं थांबतो. दोघांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून हे रोज सकाळी घाटावर जातात, रंगपेटी न नेता, फक्त रेखाटनाची वही घेऊन. काल मी वही चाळली. पूल नाही, देवळं नाहीत, पाणीही जेमतेम. पानापानावर कपडे धुणाऱ्या बायका आहेत, वाकलेल्या, पिळा घालणाऱ्या, पदर खोचलेल्या. हे म्हणतात, माझ्या बोलण्याचा याच्याशी काही संबंध नाही. मला तसं वाटत नाही.